मधुमेह आणि झोप : वहीतून हरवलेली रात्र

मधुमेह असलेल्या सत्तरीच्या एखाद्या आजोबांची फाईल उघडली तर तिच्यात काय दिसते? उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर, तीन महिन्यांची सरासरी, लघवीतील प्रथिने, रक्तदाब, वजन. सगळे आकडे व्यवस्थित तारीखवार लावलेले असतात. आता फाईल मिटून आजोबांनाच विचारले, की तुम्हाला त्रास काय होतो, तर उत्तर बहुधा वेगळेच मिळते. ‘रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. एकदा उठलं की पुन्हा डोळा लागत नाही. तळपायांची आग होते. कधी पहाटे सदरा घामानं भिजलेला असतो. आणि दिवसा पेपर वाचता वाचता डुलकी लागते.’

यांतील एकही गोष्ट फाईलमध्ये नसते. आजोबांचा मधुमेह रात्री जागा असतो आणि तपासणी मात्र सकाळी सात वाजता होते.

ही फारकत कशी झाली? मधुमेहाचा इतिहास आपण सहसा साखरेचा इतिहास म्हणून वाचतो : लघवी गोड लागली, मग साखर सापडली, मग इन्शुलिन सापडले. या लेखात तोच इतिहास झोपेच्या बाजूने वाचून पाहू या. म्हाताऱ्या माणसांच्या रात्रीकडे वैद्यकाचे लक्ष कधी होते, ते कधी उडाले आणि पुन्हा कसे आले, हे त्यातून दिसते.

मुंग्या, तहान आणि जळणारे पाय

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास कॅपाडोशियात (आजच्या तुर्कस्तानात) अरेटियस नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. ‘डायबिटिस’ या रोगाचे सविस्तर वर्णन करणाऱ्या पहिल्या वैद्यांपैकी तो एक. या शब्दाच्या मुळाशी ‘आरपार वाहून जाणे’ असा अर्थ आहे. पाणी प्यावे आणि ते तसेच वाहून जावे, ही त्या रोग्याची अवस्था. अरेटियसने लिहिले, की या रोग्याला लघवीपासून उसंत म्हणून नसते; जणू शरीराचे मांसच वितळून लघवीवाटे वाहते. उसंत नाही म्हणजे रात्रीही नाही, हे उघडच आहे.

आपल्याकडे चरकसंहितेत प्रमेहाची पूर्वलक्षणे दिली आहेत. शरीराकडे आणि लघवीकडे मुंग्या येतात, ही खूण प्रसिद्ध आहे आणि पाठ्यपुस्तकांतही ती सांगितली जाते. पण त्याच यादीत आणखी काही खुणा आहेत, त्या फारशा सांगितल्या जात नाहीत : हातापायांना येणारा बधिरपणा व आग, तहान, आळस, आणि सदासर्वकाळ झोप व गुंगी. दिवसाची डुलकी आणि जळणारे पाय, या दोन्ही तक्रारी तिथे लिहून ठेवल्या आहेत.

पण इथे जरा सावध राहायला हवे. ‘आपल्या पूर्वजांना हे सगळे ठाऊकच होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. चरकसंहितेत प्रमेहाच्या कारणांमध्ये बसण्याचे सुख आणि झोपण्याचे सुख यांचा उल्लेख आहे. तिथे सुखाने लोळत पडणे हे कारण मानले आहे. मोडलेली झोप नाही. आज संशोधक ज्या संबंधाविषयी बोलतात तो याहून वेगळा, जवळजवळ उलटा आहे. जुन्या वैद्यांचे निरीक्षण उत्तम होते, त्यांची कारणमीमांसा त्यांच्या काळाची होती. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या तर त्यांच्या निरीक्षणाचा अधिक चांगला मान राखला जातो.

एकाच डॉक्टरच्या दोन नोंदी

सतराव्या शतकात इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे थॉमस विलिस नावाचे मोठे डॉक्टर होते. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक कडे असते, त्याला आजही त्यांचे नाव आहे. १६७४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विलिस यांनी नोंदवले, की डायबिटिसच्या रोग्याची लघवी मधासारखी किंवा साखरेसारखी गोड असते. युरोपात ही नोंद नवी होती.

त्याआधी दोनच वर्षे, १६७२ साली, त्यांनी मेंदूविषयीच्या एका लॅटिन ग्रंथात आणखी एका विकाराचे वर्णन केले होते. काही माणसे झोपायला म्हणून अंथरुणावर पडली की त्यांच्या हातापायांत अशी काही अस्वस्थता आणि झटके सुरू होतात, की झोप येणे अशक्य होऊन बसते. हालचाल केल्याशिवाय चैन पडत नाही. या विकाराला पुढे १९४५ साली स्वीडनच्या एक्बोम यांनी ‘अस्वस्थ पाय’ या अर्थाचे नाव दिले.

मधुमेहात, विशेषतः पायांच्या मज्जातंतूंना इजा झालेली असेल तर, हा विकार अधिक आढळतो, असे आज आपल्याला माहीत आहे. विलिस यांनी या दोन नोंदी एकमेकींना जोडल्या नाहीत, आणि जोडण्याचे त्यांच्यापुढे काही कारणही नव्हते. पण पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. गोडीची नोंद वैद्यकाने उचलली आणि तिचा पाठपुरावा केला. अस्वस्थ पायांची नोंद जवळजवळ पावणेतीनशे वर्षे कोपऱ्यात पडून राहिली. गोडी पुढे मोजता आली. पायांची अस्वस्थता रोग्याने सांगितली तरच कळणार होती.

निळा द्रव आणि विटकरी रंग

१७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी एका मधुमेही रोग्याची लघवी आटवली. खाली पांढरट दाणेदार पदार्थ उरला. त्याला साखरेसारखा वास आणि चव होती. त्या रोग्याच्या रक्तातील द्रवही गोडसर असल्याचे त्यांनी नोंदवले. आता जिभेची गरज उरली नाही, साखर वेगळी काढून तराजूत घालता येऊ लागली.

पुढची पायरी रसायनशास्त्राची. १८४८ मध्ये जर्मनीत फेलिंग यांनी आणि १९०८ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी साखर ओळखण्याची द्रावणे तयार केली. बेनेडिक्टचे द्रावण आपल्या शाळांच्या प्रयोगशाळेत आजही असते. निळ्या द्रवात नमुना घालून तापवायचा. साखर वाढत जाते तसा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी होतो. विसाव्या शतकात पन्नासेक वर्षे असंख्य मधुमेही घरांत परीक्षानळी आणि स्पिरिटचा दिवा होता, तो याच परीक्षेसाठी.

याच परीक्षेच्या आधारे, रात्री उठावे का लागते, हे वर्गात समजावून सांगता येते. मूत्रपिंडे रक्तातली साखर गाळतात आणि जवळजवळ सगळी परत शोषून घेतात. पण रक्तातील साखर १०० मिलिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ही शोषणाची क्षमता अपुरी पडते. उरलेली साखर लघवीत जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते, तहान लागते, पाणी प्यावे लागते आणि पुन्हा उठावे लागते. म्हातारपणी ही मर्यादा बऱ्याच जणांत आणखी वर सरकते. रक्तात साखर भरपूर असूनही लघवीचा रंग निळाच राहू शकतो. आजोबांची परीक्षानळी निळी असली म्हणून त्यांचा मधुमेह आटोक्यात असतोच असे नाही.

त्या काळी औषध काय होते? एकोणिसाव्या शतकात मधुमेहावर सर्रास अफू दिली जाई. विल्यम ऑस्लर यांच्या १८९२ सालच्या प्रसिद्ध वैद्यकीय ग्रंथातही या रोगाला आवर घालणारे, अनुभवाला उतरलेले औषध म्हणून अफूचेच नाव आहे. आज हे वाचून आश्चर्य वाटते. अफूने मधुमेह बरा होत नव्हता. पण वेदना कमी होत आणि रोग्याला झोप लागे. रोग हाती लागत नव्हता, तेव्हा निदान रात्र तरी निभावून नेता येत होती.

१८६४ मध्ये फ्रान्सच्या मार्शल द काल्वी यांनी मधुमेहामुळे मज्जातंतूंना इजा होते हे दाखवले. १८८५ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक पेव्ही यांनी त्याची लक्षणे नीट सांगितली : जड व बधिर पाय, विजेसारख्या कळा, पावलांत खोलवर दुखणे. चरकसंहितेतील जळणाऱ्या पायांना आता शरीरशास्त्रात जागा मिळाली.

इन्शुलिन : जीव वाचला, रात्र बदलली

११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तो अर्क अशुद्ध होता आणि त्याचा फारसा उपयोग झाला नाही. कॉलिप यांनी अधिक शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून दिला गेला आणि त्याची साखर उतरली. १९२३ सालचे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले.

ही कथा आपल्या परिचयाची आहे. तिची रात्रीची बाजू कमी सांगितली जाते. सुरुवातीच्या इन्शुलिनचा परिणाम काही तासच टिके. त्यामुळे दिवसातून अनेक वेळा टोचून घ्यावे लागे आणि काही रोग्यांना त्यासाठी मध्यरात्रीही उठवावे लागे. जीव वाचवणाऱ्या औषधाने झोप मोडली होती.

डेन्मार्कच्या हागेडोर्न यांनी १९३६ मध्ये यावर उपाय काढला. माशांपासून मिळणारे प्रोटामिन हे प्रथिन इन्शुलिनशी जोडले की ते कातडीखालून सावकाश रक्तात उतरते. याच मार्गाने पुढे १९४६ मध्ये एन.पी.एच. हे इन्शुलिन तयार झाले. आता रात्रीसाठी उठण्याची गरज उरली नाही. पण एक नवी अडचण आली. या इन्शुलिनचा जोर टोचल्यानंतर साधारण चार ते आठ तासांनी सर्वांत जास्त असतो. रात्री दहाला टोचले तर हा जोर नेमका दोन-तीनच्या पुढे, माणूस गाढ झोपेत आणि पोट रिकामे असताना येतो. साखर गरजेपेक्षा खाली जाते. घाम, वाईट स्वप्ने, सकाळी डोकेदुखी, कधी गोंधळलेपण. आणि कधी कधी माणूस शुद्धीवरच येत नाही.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल सोमोगी यांनी १९३८ मध्ये असे मांडले, की रात्री साखर फार खाली गेली की शरीर घाबरून तिला वर ढकलते आणि म्हणून सकाळी ती वाढलेली दिसते. ही कल्पना डॉक्टरांमध्ये खूप वर्षे रुजली. पुढे रात्रभर साखर मोजून पाहिली तेव्हा असे क्वचितच घडते असे दिसले. सकाळी साखर वाढण्याचे कारण बहुतेक वेळा वेगळे असते : पहाटेच्या सुमारास शरीरातील इतर संप्रेरके इन्शुलिनला विरोध करतात. या पहाटेच्या वाढीला १९८१ मध्ये नाव मिळाले. सोमोगी यांचे स्पष्टीकरण मागे पडले, पण मधुमेहाचे काहीतरी महत्त्वाचे रात्री घडते आहे आणि सकाळचा आकडा ते पुरते सांगत नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले होते.

गोळ्या घेणाऱ्यांचीही रात्र सुरक्षित होती असे नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेली क्लोरप्रोपामाइड ही गोळी शरीरात दीड दिवस आणि त्याहूनही जास्त रेंगाळते. मूत्रपिंडे मंदावलेल्या म्हाताऱ्या माणसात तर आणखीच. दिवसभरात जेवण कमी झाले की रात्री साखर घसरे. वृद्धांना टाळावीत अशा औषधांच्या याद्या १९९० च्या दशकात होऊ लागल्या, तेव्हा तिच्यावर आवर्जून बोट ठेवले गेले.

आकड्याचे राज्य

१९६८ मध्ये इराणचे सॅम्युएल रहबार यांना मधुमेही रोग्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनचा एक वेगळा प्रकार वाढलेला आढळला. हिमोग्लोबिनला साखर चिकटून तो बनतो आणि तांबड्या पेशी सुमारे चार महिने जगतात. त्यामुळे या एका चाचणीतून मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज येतो. चाचणी अतिशय उपयोगी ठरली. पण ती सरासरी आहे. दुपारची उंच साखर आणि मध्यरात्रीची खोल साखर एकत्र मिसळली की सरासरी छान दिसू शकते.

१९९३ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने सिद्ध केले, की साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांचे नुकसान बरेच कमी होते. हा फार मोठा शोध होता. पण त्याच अभ्यासात काटेकोर उपचार घेणाऱ्यांमध्ये साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. अभ्यासातील अशा प्रसंगांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५५ टक्के, माणूस झोपेत असताना घडले होते. हे रोगी तरुण होते आणि त्यांचा मधुमेह पहिल्या प्रकारचा होता. १९९८ मध्ये आणखी एक गोष्ट कळली : झोपेत साखर उतरली तर धोक्याची घंटा वाजवणारे ॲड्रिनलिन जागेपणापेक्षा कमी स्रवते. म्हणजे पहारेकरीही रात्री पेंगतो.

वृद्धांबाबतचा धडा २००८ मध्ये मिळाला. अमेरिका व कॅनडात दहा हजारांहून अधिक मधुमेही लोकांवर ‘ॲकॉर्ड’ नावाचा अभ्यास चालू होता. त्यांचे सरासरी वय ६२ होते आणि त्यांना हृदयविकार किंवा त्याचा मोठा धोका होता. एका गटाची साखर अगदी निरोगी माणसाइतकी खाली आणायचा प्रयत्न झाला. त्या गटात २५७ मृत्यू झाले, तर दुसऱ्या गटात २०३. काटेकोर उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले. मृत्यू नेमके कशामुळे वाढले यावर बरीच चर्चा झाली. पण त्यानंतर एक विचार सर्वमान्य होत गेला, की अशक्त, अनेक आजार असलेल्या वृद्ध माणसासाठी आकडा थोडा सैल असलेला बरा.

झोपेचे शास्त्र वेगळ्या वाटेने

हे सगळे चालू असताना झोपेचे शास्त्र दुसऱ्याच इमारतीत वाढत होते. जर्मनीच्या हान्स बेर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युत्लहरींची नोंद १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. १९५३ मध्ये शिकागो येथे ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेत डोळे भराभर हलण्याचा टप्पा शोधला. झोप म्हणजे दिवा मालवण्यासारखी एकच अवस्था नसून तिचे टप्पे असतात, हे ठरले. त्यांतल्या सर्वांत गाढ टप्प्यात मेंदूच्या लहरी संथ आणि मोठ्या होतात. वाढीचे संप्रेरक झोप लागल्यानंतर पहिल्या गाढ टप्प्यात भरपूर स्रवते, हे १९६८ मध्ये दिसले. झोपेचा संबंध आता संप्रेरकांशी, म्हणजे पर्यायाने साखरेशीही, पोहोचला होता.

१९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनी येथील दोन गटांनी झोपेतील श्वासरोधाचे वर्णन केले. घशाचे स्नायू सैल पडून हवेचा मार्ग बंद होतो, श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो आणि मोठ्याने घोरत श्वास पुन्हा सुरू होतो. असे रात्रीत शेकडो वेळाही घडू शकते आणि सकाळी त्या माणसाला काहीच आठवत नाही. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाने हवा सोडून हा मार्ग उघडा ठेवण्याचे यंत्र तयार केले. या विकारात बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना हृदयाच्या कप्प्यावर ताण येतो, तिथून एक संप्रेरक सुटते आणि मूत्रपिंडे जास्त लघवी तयार करतात. रात्री उठायला लावणारी लघवी दर वेळी साखरेमुळेच असते असे नाही, हे यावरून लक्षात येईल.

पण घराघरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्याला तारा लावून रात्रभर नोंद घेणे शक्य नव्हते. साधा उपाय निघाला तो १९८९ मध्ये. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे बायसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. गेल्या महिन्यात तुम्ही किती वाजता अंथरुणावर पडलात? झोप लागायला किती वेळ लागला? लघवीला उठावे लागले का? श्वास नीट घेता आला का? कुठे दुखले? दिवसा जागे राहणे जड गेले का? उत्तरांवरून ० ते २१ असे गुण मिळतात. ५ च्या वर गेले की झोप चांगली नाही असे समजायचे. कागद, पेन आणि दहा मिनिटे एवढेच साहित्य.

आजोबांच्या तक्रारीला अशा रीतीने आकडा मिळाला. तो मिळाल्यावर ती फाईलमध्ये लिहिता येऊ लागली, शेकडो रोग्यांमध्ये तुलना करता येऊ लागली. मधुमेही वृद्धांच्या झोपेविषयी जगभर झालेल्या अनेक अभ्यासांच्या मुळाशी हीच प्रश्नावली आहे.

बाण उलटा फिरला

इथवर सगळ्यांचा समज असा होता, की मधुमेहामुळे झोप मोडते. १९९९ मध्ये शिकागो येथे कारिन श्पीगल, ईव्ह व्हॅन कॉटर आणि सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा विचारला : झोप मोडली तर साखरेचे काय होते? अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. मग भरपूर झोप दिली. दोन्ही वेळा साखर शिरेतून देऊन ती रक्तातून किती वेगाने नाहीशी होते ते मोजले. अपुऱ्या झोपेनंतर हा वेग जवळजवळ ४० टक्के कमी होता.

२००८ मध्ये याच विद्यापीठात एस्रा तसाली आणि सहकाऱ्यांनी अधिक सूक्ष्म प्रयोग केला. नऊ निरोगी तरुण माणसांच्या झोपेचे एकूण तास तेवढेच ठेवले. पण मेंदूत गाढ झोपेच्या लहरी दिसू लागल्या की हलका आवाज करायचा. माणूस जागा होत नाही, पण झोप उथळ होते. तीन रात्रींत इन्शुलिनला दाद देण्याची त्यांच्या शरीराची क्षमता सुमारे २५ टक्क्यांनी घटली. या तरुणांची गाढ झोप जितकी कमी केली होती, तितकी ती वय वाढताना साधारण चाळीस वर्षांत आपोआप कमी होते, असे संशोधकांनी नमूद केले. त्या तरुणांना तीन रात्रींपुरते जणू म्हातारपणच दिले होते.

मात्र निष्कर्ष जपून काढायला हवेत. प्रयोग तरुणांवर आणि थोड्या दिवसांचे होते. ते जसेच्या तसे सत्तरीच्या माणसाला लावता येत नाहीत. २००६ मध्ये शिकागो येथेच दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या १६१ कृष्णवर्णीय अमेरिकनांचा अभ्यास झाला. ज्यांना मधुमेहाचे उपद्रव झाले होते त्यांच्यात झोपेची प्रत जितकी वाईट तितकी तीन महिन्यांची सरासरी साखर जास्त दिसली. पण झोपेने साखर बिघडवली की साखरेने झोप, हे अशा अभ्यासातून सांगता येत नाही. बहुधा दोन्ही. २००९ च्या एका अभ्यासात लठ्ठपणा व मधुमेह असलेल्या साठीच्या आसपासच्या ३०६ लोकांपैकी ८६ टक्क्यांहून अधिक लोकांत झोपेतील श्वासरोध सापडला. त्यांतल्या बहुतेकांना त्याची कल्पना नव्हती. पण श्वासाचे यंत्र वापरल्याने साखर हमखास उतरते असे पुढच्या प्रयोगांतून सिद्ध झालेले नाही. दिवसाची पेंग आणि रात्रीची धाप मात्र कमी होते, आणि तेही थोडे नाही.

२०२२ मध्ये अमेरिका व युरोप येथील मधुमेह संघटनांनी मिळून जी उपचारांची दिशा ठरवली, तिच्यात आहार आणि व्यायाम यांच्या बरोबरीने झोपेचे तास, झोपेची प्रत आणि झोपेची वेळ यांना जागा दिली आहे.

आपल्याकडची रात्र

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांत आजी-आजोबा मोठ्या संख्येने आहेत. आपल्या घरांत ‘म्हातारपणी झोप कमीच येते’ असे म्हणून विषय संपवला जातो. वयाबरोबर झोप हलकी होते हे खरेच. पण रात्री चार वेळा उठणे, पाय जळणे, घामाने भिजून जागे होणे, घोरता घोरता श्वास थांबणे या गोष्टी केवळ वयाच्या माथी मारण्यासारख्या नाहीत. प्रत्येकीचे कारण वेगळे असू शकते : वाढलेली साखर, उतरलेली साखर, मज्जातंतू, पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथी, संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी, श्वासरोध. काहींवर उपाय फार साधे असतात. गोळीची वेळ बदलणे एवढाच कधी कधी. पण त्यासाठी ते आधी डॉक्टरांना सांगायला हवे. आणि ‘झोपेची गोळी द्या’ एवढेच सांगितले तर मूळ कारण झाकले जाते. शिवाय रात्री अंधारात उठणाऱ्या वृद्ध माणसाला अशा गोळीने तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो.

वर्गात बेनेडिक्टच्या द्रावणाचा प्रयोग करताना शिक्षकांना यातली एक गोष्ट सहज सांगता येईल. विटकरी रंग साखर आहे एवढे सांगतो. ती कोणत्या वेळची, तिच्यापायी कोणाची झोप मोडली, हे परीक्षानळी सांगत नाही. मुलांच्या घरी मधुमेह असलेले आजी-आजोबा असतील तर मुलांनीच त्यांना विचारावे : रात्री किती वेळा उठता? कशामुळे उठता? सकाळी डोके दुखते का? उत्तरे आठवडाभर एका कागदावर तारखेसह लिहावीत आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना तो कागद फाईलमध्ये लावून द्यावा. डॉक्टरांना तो वाचायला दोन मिनिटे लागतील.